तोड कोणाची आधी? साखर कारखान्यातली व्यवस्थापन माहिती प्रणाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणकीय माहिती) विभागात मी 17 हंगाम काढले. तीन तऱ्हेची माणसं माझ्या टेबलाशी येत राहिली: प्रोजेक्टसाठी आलेली एमबीए-बीकॉमची मुलं, नुकतेच निवडून आलेले संचालक आणि हातात घडी घातलेली पावती घेऊन आलेले शेतकरी. मुलं विचारायची, ‘मॅडम, एमआयएसमुळे निर्णयप्रक्रिया कशी सुधारते?’ शेतकरी विचारायचे, ‘ताई, माझी तोड कधी?’, म्हणजे माझा ऊस कधी तोडणार. मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटत आले आहेत. म्हणून इथली उत्तरं कारखान्याच्या भाषेत दिली आहेत.

एमआयएस म्हणजे नेमकं काय?

संस्थेत रोज जे घडतं त्याची नोंद ठेवायची, ती ताडून पाहता येईल अशी मांडायची आणि ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्यापुढे वेळेत ठेवायची. ही सगळी व्यवस्था म्हणजे व्यवस्थापन माहिती प्रणाली. संगणक हा तिचा एक भाग. नोंद करणारा माणूस, ती कुठल्या वेळी पोचायची याचा नियम, फोन, पावती, सकाळी साडेआठची बैठक हेही तिचेच भाग.

आमच्याकडे संगणक यायच्या आधी गटवार, म्हणजे गावांच्या एकेका समूहाची, जाडजूड रजिस्टरं होती. लाल कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली. तीही माहिती प्रणालीच होती. फक्त एका गटाची बेरीज करायला दोन कारकुनांचे दोन दिवस जायचे, आणि तोपर्यंत फडातला, म्हणजे शेतातला, ऊस तोडून झालेला असायचा.

उदाहरणासाठी साखर कारखानाच का?

कारण इथे माहितीला उशीर झाला तर त्याची किंमत त्याच दिवशी दिसते. दिवसाला 5,000 टन गाळपाचा कारखाना धरा. तासाला साधारण 208 टन ऊस गव्हाणीत, म्हणजे ऊस आत घेणाऱ्या पट्ट्यावर, पडायला हवा, रात्री दोन वाजताही. तोडलेला ऊस शक्यतो 24 तासांत गाळला गेला पाहिजे. उशीर झाला की त्याचं वजन घटतं आणि आतल्या साखरेचं विघटन सुरू होतं. वजन घटलं की शेतकऱ्याचं नुकसान, साखर घटली की कारखान्याचं. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा आणि मालक एकच असल्याने दोन्ही नुकसानी शेवटी एकाच खिशातून जातात.

शिवाय पुरवठादार किती? हजारो. कुणाचे 20 गुंठे, कुणाचे पाच एकर. प्रत्येकाची लागणीची तारीख वेगळी, जात वेगळी, पाण्याची सोय वेगळी. एवढं सगळं एका शेतकी अधिकाऱ्याच्या डोक्यात मावत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

कारखान्यात माहितीवर अवलंबून असलेला सगळ्यात मोठा निर्णय कोणता?

तोडीचा क्रम. यंत्रखरेदी, साखरविक्री, कर्ज हे निर्णय रकमेने मोठे दिसतात, पण ते वर्षातून थोडे वेळा घ्यायचे असतात. ‘उद्या कोणत्या फडात तोडणी मजुरांची टोळी पाठवायची’ हा निर्णय हंगामभर रोज आणि प्रत्येक गटात घ्यावा लागतो. त्यातली चूक रोज साचत जाते.

क्रम कशावर ठरतो ते पाहा. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तिला तोडीला 16 ते 18 महिने लागतात. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, 14-15 महिन्यांची. सुरू जानेवारी-फेब्रुवारीची, 12 महिन्यांची. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, त्याहून थोडा आधी तयार होतो. त्यात जात आली. कोसी 671 लवकर पिकतो, को 86032 ला वेळ द्यावा लागतो. मग चिटबॉय, म्हणजे गावपातळीवरचा कारखान्याचा शेतकी कर्मचारी, फडात जाऊन हातब्रिक्स घेतो, म्हणजे कांड्याच्या रसाचा थेंब छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर टाकून रसातले विद्राव्य घटक मोजतो. शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा आकडा जवळ आला की ऊस पिकला. यात पुन्हा रस्ता ओला आहे का, टोळी कुठे उतरली आहे, विहीर आटली आहे का, हे प्रश्न असतातच.

आता पैशाचा हिशेब. साखर उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, फक्त 0.1 टक्क्याने वाढला तर 5,000 टनांवर रोज 5 टन, म्हणजे 50 क्विंटल साखर जास्त निघते. फेब्रुवारी 2019 मध्ये ठरलेल्या किलोला 31 रुपये या किमान विक्री दराने हे दिवसाचे 1,55,000 रुपये झाले. 120 दिवसांच्या हंगामात 1 कोटी 86 लाख. यासाठी नवं यंत्र घ्यावं लागत नाही, योग्य फडात योग्य दिवशी टोळी पाठवावी लागते.

शेतकऱ्याच्या बाजूनेही तेच. 2024-25 च्या हंगामाची एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये होती, आणि त्यापुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये जास्त, म्हणजे टनाला 33 रुपये 20 पैसे. यातली एक गोष्ट फार थोड्या सभासदांना ठाऊक असते. प्रत्येकाच्या उसाचा उतारा वेगळा मोजून दर ठरत नाही, दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो. म्हणजे एखाद्याने ओळखीवर कोवळा ऊस आधी तोडून घेतला, तर सरासरी खाली येते आणि ज्यांनी पिकायची वाट पाहिली त्यांचाही दर उतरतो. तोडीची यादी हा म्हणूनच सगळ्यांचा प्रश्न आहे.

मग हा निर्णय संगणकाने घ्यायचा की शेतकी अधिकाऱ्याने?

अधिकाऱ्याने. संगणकाने यादी लावून द्यायची.

आमचा प्रोग्राम रोज संध्याकाळी वय, जात आणि ब्रिक्स यांवरून गटवार क्रम काढायचा. अधिकारी तो बघायचे आणि बदल करायचे. एकदा यादीत चौथ्या क्रमांकाचा फड त्यांनी पहिला केला. कारण विचारलं तर म्हणाले, ‘त्याच्या शेजारच्या दोन फडांची तोड झाली, आता याच्या उसाला तिन्ही बाजूंनी वाट मोकळी आहे. चार दिवसांनी शेजारी नांगरट करील, मग ट्रॅक्टर आत जाणार नाही.’ हे संगणकाला माहीत नव्हतं. चांगली प्रणाली अशा माणसाची आकडेमोड आपल्याकडे घेते आणि त्याचा वेळ या विचारासाठी मोकळा ठेवते.

माहिती थोडी उशिरा आली तर असं काय बिघडतं?

एक रात्र सांगते. डिसेंबरचा महिना, रात्रीचे पावणेदोन. यार्ड सुपरवायझरचा फोन आला: ‘मॅडम, यार्डात साडेतीनशे टनसुद्धा नाही.’ माझ्या स्क्रीनवर मात्र 1,100 टन ‘वाटेवर’ दिसत होता. मी शाल गुंडाळून वजनकाट्यावर गेले. एरवी जिथे ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, ड्रायव्हर शेकोटीला बसलेले असतात, तिथे ओल्या पाचटाचा वास आणि रिकामं मैदान. साडेतीन वाजता मिल थांबली. नोंदवहीत कारण लिहिलं गेलं: नो केन. ती सुरू व्हायला 3 तास 20 मिनिटं लागली, म्हणजे जवळपास 700 टनांचं गाळप गेलं.

झालं असं होतं की नदीकाठच्या दोन गटांत दुपारी अवकाळी पाऊस पडला. भरलेल्या ट्रॉल्या चिखलात रुतल्या. तिथल्या चिटबॉयना हे पाच वाजताच कळलं होतं, पण त्यांचं रजिस्टर सकाळी गट ऑफिसात यायचं. आणि आमच्या प्रोग्राममध्ये तोडणी चिठ्ठी दिली की ऊस ‘वाटेवर’ धरला जायचा, गाडी फडातून हलली की नाही हे कुणी विचारतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही एका रकान्याचे तीन केले: चिठ्ठी दिली, फडातून निघाली, यार्डात आली. मधली नोंद चिटबॉयने गाडी निघताना मोबाइलवरून करायची. एवढ्याने रात्रीच्या पाळीची तूट संध्याकाळी सात-आठलाच दिसायला लागली, आणि तेव्हा कोरड्या गटांतली वाहनं वळवायला हातात वेळ असतो. ‘वेळेवर माहिती’ म्हणजे काय असं मला कुणी विचारलं की मी हे सहा तास सांगते.

चेअरमन, शेतकी अधिकारी आणि चिटबॉय यांना वेगवेगळी माहिती का द्यायची? सगळ्यांना सगळं दाखवलं तर?

प्रत्येकाच्या निर्णयाची मुदत वेगळी असते. चिटबॉयला उद्या सकाळचं बघायचं असतं: कोणती टोळी, कोणता फड, किती वाहनं. त्याला गावाची यादी पुरते, पण ती अचूक आणि ताजी हवी. शेतकी अधिकाऱ्याला पंधरवड्याचं बघायचं असतं. कोणत्या गटात 14 महिन्यांवरचा ऊस अजून उभा आहे, नोंद किती टनांची आणि आला किती, कुठला ऊस शेजारचा कारखाना पळवतोय. त्याला तुलना लागते. संचालक मंडळाला दोन-तीन वर्षांपुढचं बघायचं असतं: गाळपक्षमता वाढवायची का, आसवनी प्रकल्पात पैसा घालायचा का, तोडणी यंत्रं घ्यायची का. त्यांना दहा वर्षांचा कल आणि बाहेरचे आकडे लागतात, काल किती वाजता मिल थांबली होती हे नाही.

संचालकांसमोर 40 पानी दैनिक अहवाल ठेवलेला मी पाहिलाय. पानं उलटली जातात, शेवटच्या पानावर सही होते आणि चर्चा मागच्याच विषयावर सुरू राहते.

अहवाल जितके जास्त तितका निर्णय चांगला, असं नाही का?

नाही. अमेरिकन विचारवंत रसेल अ‍ॅकॉफ यांनी 1967 मध्येच लिहून ठेवलं होतं की व्यवस्थापकांना माहितीच्या तुटवड्यापेक्षा निरुपयोगी माहितीच्या पुराचा त्रास जास्त आहे. संगणक तेव्हा नुकते कचेऱ्यांत शिरत होते.

मी रुजू झाले तेव्हा आमच्याकडून रोज 23 अहवाल निघायचे. एका हंगामात मी शांतपणे एक काम केलं. प्रत्येक अहवाल घेणाऱ्याला विचारलं, ‘हा वाचून तुम्ही गेल्या महिन्यात काय वेगळं केलंत?’ 14 अहवालांना उत्तर मिळालं नाही. ते बंद केले. कुणाचीही तक्रार आली नाही. त्यांच्या जागी एक पान सुरू केलं, त्यावर फक्त बिघडलेल्या गोष्टी: 24 तासांहून जास्त यार्डात थांबलेली वाहनं, ठरल्या क्रमाच्या बाहेर गेलेल्या तोडी, आदल्या दिवसापेक्षा उतारा घसरलेले गट. सगळं सुरळीत असेल तर पान जवळजवळ कोरं. एम.डी. साहेब सकाळी चहाबरोबर तेवढंच वाचायचे आणि फोन करायला लागायचे.

संगणकात आहे म्हणजे बरोबरच असणार ना?

हा समज सगळ्यात महागात पडतो, आणि मी तो स्वतः भोगला आहे.

एका हंगामात एका गटाचा उतारा सतत कमी लागत होता. यादीप्रमाणे तोड चालू, वय 16 महिन्यांच्या पुढे, जात को 86032, तरी रस पातळ. अधिकारी म्हणाले जमीन चोपण, कुणी म्हणालं पाणी जास्त. मी त्या गटाच्या नोंदी उघडून लागणीच्या तारखेवर लावल्या, आणि एकाखाली एक तीच तारीख दिसत गेली: 15 जुलै, 15 जुलै, 15 जुलै. पूर्ण गाव एका दिवसात लागण करत नाही.

नोंदीचा फॉर्म मी बनवला होता. काम सोपं व्हावं म्हणून तारखेच्या चौकटीत मी आधीच एक तारीख भरून ठेवली होती. चिटबॉयने दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी नोंदी भरताना ती तशीच ठेवली. सप्टेंबरअखेरची लागण कागदावर जुलैची झाली, आणि संगणकाने ती इमानाने पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवली. शेकडो टन ऊस पिकायच्या आत तुटला. चूक चिटबॉयच्या नावावर टाकणं सोपं होतं. ती माझी होती, आणि मी ती बैठकीत तशीच सांगितली.

दोन बदल केले. चौकट रिकामी ठेवली. आणि प्रत्येक नोंदीनंतर शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत निरोप जाऊ लागला: जमिनीचा गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. पहिल्या आठवड्यात खिडकीशी रांग लागली. कुणाचं क्षेत्र कमी, कुणाची जात चुकलेली, कुणाच्या खोडव्याला लागण लिहिलेलं. अधिकारी वैतागले, मला मात्र त्या रांगेचा आनंद झाला. लाखभर नोंदी तपासायला माझ्याकडे माणसं कुठून येणार होती? ज्याचा ऊस आहे त्याच्याइतका काटेकोर तपासनीस दुसरा मिळत नाही. माझं या विषयातलं सगळं म्हणणं या एका अनुभवात आहे: खालून माहिती घेता, तर ती त्याच माणसाला परत दाखवा.

महाराष्ट्रात याची काही प्रसिद्ध उदाहरणं आहेत का?

वारणेचं आहे, आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावं. 1998 मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवतीची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी खर्च वाटून घेतला, तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. गावोगावी संगणक केंद्रं उघडली. शेतकऱ्याने तिथे ऊस नोंद करायची, तोडीची तारीख, वजन, बिल, खताची उचल तिथेच बघायची. कारखान्याच्या कार्यालयात दिवस मोडून खेटे घालायची गरज उरू नये हा हेतू. त्या काळात खेड्यात फोनची लाइन धड नव्हती हे लक्षात घेतलं तर हे किती मोठं धाडस होतं ते कळतं.

त्याबरोबर बाजारभाव, शेतीसल्ला, इंटरनेट, शिक्षण अशीही स्वप्नं होती. ती फारशी फळली नाहीत. लोक केंद्रावर आले ते मुख्यतः आपल्या उसाच्या व्यवहारासाठी. पुढे संशोधकांनी सात गावांत प्रयोग केला: संगणकाऐवजी शेतकऱ्याने साध्या मोबाइलवरून संदेश पाठवायचा आणि आपलं वजन, खतं यांची माहिती उत्तरात मिळवायची. तेही काम चाललं, आणि खर्च कितीतरी कमी.

काहीजण यावरून ‘वारणा फसलं’ असं म्हणतात. मला ते पटत नाही. शेतकऱ्याला कोणती माहिती खरोखर हवी आहे हे वारणेने दाखवून दिलं. माध्यम नंतर स्वस्त झालं, गरज तीच राहिली.

माहिती चुकली तर पूर्ण राज्याचं नियोजन कोलमडू शकतं का?

2021-22 चा हंगाम आठवा. राज्यात सुमारे 1,320 लाख टन ऊस गाळला गेला, 137 लाख टनांच्या आसपास साखर झाली. विक्रमी आकडे. पण मराठवाड्यात मे महिन्याच्या उन्हात ऊस उभा होता, गाळप जूनपर्यंत लांबलं, आणि वाळत चाललेल्या फडाकडे बघत शेतकरी कारखान्यांचे उंबरे झिजवत होते. 1 मेनंतर गाळलेल्या उसाला टनामागे 200 रुपये उतारा घट अनुदान आणि लांबच्या वाहतुकीला मदत, असा निर्णय राज्य सरकारला घ्यावा लागला.

चांगला पाऊस, वाढलेलं क्षेत्र, तोडणी मजुरांची टंचाई अशी कारणं होतीच. पण त्यात माहितीचाही वाटा होता. कुठल्याच कारखान्याकडे नोंद नसलेला ऊस कुणाच्याच नियोजनात नसतो. एकाच फडाची दोन कारखान्यांकडे नोंद असेल तर तो कागदावर दुप्पट दिसतो आणि दोघेही ‘दुसरा नेईल’ म्हणून थांबतात. त्यानंतरच्या हंगामासाठी 2022 मध्ये साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे अ‍ॅप आणलं. शेतकऱ्याने घरबसल्या स्वतः नोंद करायची, ही त्यातली मूळ कल्पना मला मोलाची वाटते.

प्रणाली आली की वशिलेबाजी थांबते का?

आपोआप थांबत नाही. पण लपवणं अवघड करता येतं.

तोडीचा क्रम बदलायचा अधिकार अधिकाऱ्याला हवाच, त्याचं कारण वर सांगितलं. आम्ही तो अधिकार ठेवला, पण बदल करताना कारण आणि नाव लिहिल्याशिवाय प्रोग्राम पुढे जायचा नाही. आणि बदललेल्या क्रमांची यादी दर शनिवारी गट ऑफिसच्या फळ्यावर लागायची. पहिल्या महिन्यात कारणांच्या रकान्यात नुसती टिंबं भरली गेली. एका सभासदाने सभेत फळ्याचा फोटो दाखवून टिंबाचा अर्थ विचारला. त्यानंतर कारणं मराठीत आणि पूर्ण वाक्यात यायला लागली.

टोळीला द्यावी लागणारी ‘खुशाली’, म्हणजे वरचे पैसे, मात्र कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. तोड लांबली की शेतकरी हतबल होतो आणि पैसे सोडतो. आपला नंबर खरंच कधी आहे हे त्याला छापील स्वरूपात माहीत असेल तर त्याची हतबलता थोडी कमी होते, एवढं मी पाहिलंय.

ईआरपी, डीएसएस, एमआयएस यांत फरक काय? परीक्षेला विचारतात.

काट्यावर भरगाडीचं आणि रिकाम्या गाडीचं वजन घेऊन पावती निघते, ती व्यवहार नोंद प्रणाली. त्या पावत्यांवरून ‘गटवार किती टन, मागच्या वर्षी याच तारखेला किती’ हे दाखवते ती एमआयएस. ‘आणखी 300 कोयते आले तर हंगाम कधी संपेल, चार दिवस पाऊस लागला तर?’ अशा जर-तर प्रश्नांना मदत करते ती निर्णय साहाय्य प्रणाली, म्हणजे डीएसएस. कोयता म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी. आणि काटा, स्टोअर, लेखा, पगार, साखर गोदाम हे सगळं एकाच डेटाबेसवर चालवणारी यंत्रणा म्हणजे ईआरपी. प्रत्यक्षात या भिंती इतक्या सरळ नसतात, आमचं अर्धं डीएसएस एक्सेलच्या एका शीटवर चालायचं आणि उत्तम चालायचं.

बिलं वेळेत देण्याशी याचा काय संबंध?

ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज लागतं. काट्याची पावती थेट लेखा विभागात गेली की पंधरवड्याचं बिल बटणावर तयार होतं. पूर्वी फक्त पावत्या जुळवण्यातच आठवडा जायचा. पैसाच नसेल तर अर्थात प्रणाली तो आणून देत नाही, मात्र किती रक्कम कोणत्या तारखेला लागणार हे आधी सांगते, म्हणजे बँकेकडे साखर तारणाची बोलणी वेळेत करता येतात.

आमची छोटी दूध संस्था आहे. आम्हाला एवढं सगळं लागेल का?

नाही लागणार, आणि तुमच्याकडे बहुधा निम्मं आहेच. संकलन केंद्रावर दूध घातल्याबरोबर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आणि दर छापलेली पावती उत्पादकाच्या हातात पडते ना? माहिती देणाऱ्याला ती तिथल्या तिथे परत मिळणं, याहून चांगला नमुना मला दाखवता येणार नाही. आता त्याच नोंदींवरून दहा दिवसांनी एक गोष्ट बघा: कोणाचा फॅट अचानक उतरला. त्याच्या घरी जाऊन जनावराची चौकशी करा, चाऱ्याची करा. संस्थेची एमआयएस तिथून सुरू होते.

एआय आल्यावर हे सगळं जुनं होणार का?

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला आहे. उपग्रहाची चित्रं, जमिनीतले सेन्सर, हवामान यांवरून पाणी आणि खत कधी द्यायचं हे शेतकऱ्याला कळवलं जातं. पक्वतेचा अंदाजही उपग्रहावरून येऊ शकतो, आणि मग हातब्रिक्स घेत फिरायचे कष्ट कमी होतील. मला याची उत्सुकता आहे. पण त्या मॉडेललाही लागणीची तारीख लागते. ती 15 जुलै भरलेली असली तर उत्तर अधिक झटपट आणि अधिक आत्मविश्वासाने चुकेल.

शेतकऱ्यांची माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी कोणाची?

संस्थेची. आधार, बँक खातं, सातबारा, मोबाइल नंबर हे सगळं तुमच्याकडे विश्वासाने दिलेलं असतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला. चिटबॉयच्या फोनवर गावाच्या यादीत खाते क्रमांक दिसायची काहीच गरज नाही, त्याला नाव, फड आणि क्रमांक पुरतो.

माझ्या नोंदीत चूक दिसते आहे. काय करू?

तोडणी सुरू व्हायची वाट पाहू नका. सातबारा आणि लागणीच्या वेळी मिळालेली नोंद पावती घेऊन गट ऑफिसला जा. बेण्याचं बिल ठेवलं असेल तर तेही न्या, त्यावरून जात आणि तारीख दोन्ही सिद्ध होतात. तोंडी सांगून निघू नका, दुरुस्ती अर्ज लिहून द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. आठवड्याने नवीन पावती मागा आणि चार गोष्टी बोट ठेवून वाचा: गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. चष्मा नसेल तर खिडकीतल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मी असताना कुणालाही नाही म्हटलं नाही, आणि माझ्यानंतर तिथे बसलेल्या मुलीलाही मी हेच शिकवून आले आहे.